बकरीचं औषध

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर फ्रँक डिक्सन नावाचा अधिकारी एका परदेशी प्रवाशाला त्याची परिस्थिती समजावून सांगतो आहे. प्रवाशाला इंग्रजी जवळजवळ येत नाही. तेव्हा डिक्सन स्वतःच्या जेवणातलं वेफर्सचं पाकीट पुढे धरतो. हे तुझं क्राकोझिया. मग सफरचंद उचलतो. हे बंडखोर. आणि सफरचंद पाकिटावर हाणतो. पाकीट फाट्‌कन फुटतं, वेफर्स टेबलभर आणि प्रवाशाच्या अंगावर उडतात. प्रवासी दचकतो, हसरा चेहरा करून मान डोलावतो. त्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘द टर्मिनल’ (2004) या चित्रपटात एका देशाचा अंत असा सांगितला जातो. व्हिक्टर नव्होर्स्की (टॉम हँक्स) हवेत असताना त्याच्या देशात सत्तापालट झाला. नव्या सरकारला अमेरिकेची मान्यता नाही, म्हणून पासपोर्ट रद्द, व्हिसा रद्द. अमेरिकेत पाऊल टाकता येत नाही आणि परतीचं विमानही नाही. मग राहायचं कुठे? आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या प्रतीक्षागृहात. तिथे तो नऊ महिने राहतो. क्राकोझिया हा देश पटकथाकारांनी रचलेला. हँक्सच्या तोंडची भाषा मात्र बरीचशी बल्गेरियन आहे.

हा चित्रपट बहुतेकांनी टीव्हीवर जाहिरातींच्या मधून, तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेला असतो आणि ‘छान, हलकाफुलका’ म्हणून सोडून दिलेला असतो. हलका तो आहेच. पण त्याच्या विनोदाची घडण जरा निरखून पाहावी अशी आहे. सुरक्षायंत्रणेवरचे चित्रपट सहसा नियम मोडणाऱ्यांचे असतात. कुणी बॉम्ब आणतं, कुणी खोट्या पासपोर्टवर निसटतं. इथे गंमत उलटी आहे. नियमांचा रखवालदार जीव तोडून प्रयत्न करतो की समोरच्याने एकदा, फक्त एकदा, नियम मोडावा. आणि समोरचा मोडत नाही.

वेफर्सने जे कळलं नाही ते व्हिक्टरला टीव्हीवरून कळतं. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत चांगला प्रसंग आहे. त्याला गर्दीत सोडून दिलेलं आहे, हातात जेवणाची कुपनं आहेत, आणि कुठल्याशा पडद्यावरून त्याच्या देशाचं राष्ट्रगीत ऐकू येतं. तो वर बघतो. रणगाडे, धूर, पळणारी माणसं, ओळखीचा झेंडा. बातमी इंग्रजीत. त्याला शब्द कळत नाहीत, चित्रं कळतात. तेवढ्यात वाहिनी दुसऱ्या बातमीकडे वळते. तो दुसऱ्या पडद्याकडे धावतो, तिथून तिसऱ्या. आजूबाजूला लोक कॉफी पिताहेत, बॅगा ओढताहेत, कुणाचंच लक्ष नाही. धावता धावता तो एका खास प्रवाशांच्या दालनात घुसतो, तर तिथून त्याला बाहेर काढलं जातं. हँक्सने इथे रडण्याचा अभिनय केलेला नाही. नीट दिसावं म्हणून तो मान वळवतो, जागा बदलतो. एखादा माणूस इस्पितळाच्या काचेतून आतल्या आपल्या माणसाची हालचाल वाचायचा प्रयत्न करतो, तसा. मग कॅमेरा मागे सरकत, वर चढत जातो. व्हिक्टर लहान लहान होत त्या झगमगाटातला एक ठिपका होतो. यानुश कामिन्स्कीच्या छायाचित्रणात असे दिमाखदार क्षण पुष्कळ असतात; इथल्या दिमाखाला काम आहे. आपण ज्या उंचीवरून त्याला बघतो, साधारण त्याच उंचीवर विमानतळाचे कॅमेरेही बसवलेले आहेत.

हा प्रसंग असा घेता आला, कारण ते टर्मिनलच मुळी खोटं आहे. खऱ्या विमानतळावर इतके दिवस चित्रीकरण करू कोण देणार? कला-दिग्दर्शक अ‍ॅलेक्स मॅकडॉवेल यांनी कॅलिफोर्नियात पामडेल इथल्या एका प्रचंड हँगरमध्ये पूर्ण आकाराचं टर्मिनल उभारलं. चालते सरकते जिने, चकचकीत फरशी, आणि खऱ्या कंपन्यांची दुकानं. या दुकानांवर तेव्हा बरीच टीका झाली. चित्रपट आहे की जाहिरातींचा माहितीपट, असं लोकांनी विचारलं. टीका खोटी नाही. पण व्हिक्टरला सुरुवातीलाच सांगितलं जातं की इथे तुला एकच गोष्ट करता येईल, खरेदी. खिशात चालणारं चलन नसलेल्या माणसाला! तो बिस्किटांवर सॉस आणि मोहरीची चटणी घालून खातो. मग त्याला शोध लागतो की सामानाच्या मोकळ्या ढकलगाड्या जागेवर नेऊन लावल्या की यंत्रातून पाव डॉलरचं नाणं पडतं. तो गाड्या गोळा करत सुटतो आणि पहिल्या कमाईचा बर्गर खातो. डिक्सन हे कॅमेऱ्यात बघतो आणि गाड्या गोळा करायला माणूस नेमून टाकतो. एक उपाशी माणूस जेवू लागला, तर यंत्रणेने त्यासाठी एक नवी नोकरी निर्माण केली. हा विनोद कुठल्याही सरकारी कचेरीत चालला असता.

व्हिक्टरच्या रांगेत उभं राहण्यातही एक रंगत आहे. दररोज तो अर्ज भरून तपासणी-अधिकारी डोलोरेसच्या खिडकीशी येतो, दररोज ती त्यावर नकाराचा लाल शिक्का मारते. हिरवा शिक्का शेजारीच ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो, तितक्याच आशेने. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आपले आई-बाबा कागदांची फाईल छातीशी धरून, पिशवीतलं मेतकूट विचारलं तर काय सांगायचं याची मनात उजळणी करत अशाच खिडकीसमोर उभे राहिलेले आहेत. त्यांना व्हिक्टरचा चेहरा समजावून सांगावा लागणार नाही. एक फरक मात्र भारतीय प्रेक्षकाला लगेच जाणवतो. 1999च्या डिसेंबरात आयसी 814 विमान कंदाहारला पळवून नेलं गेलं आणि 2000 सालापासून आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय टर्मिनलच्या दारातून आतही जाता येत नाही. आपली धास्ती आत शिरण्याची. व्हिक्टरसमोरचं दार बाहेर जाण्याचं आहे, आणि ते काचेचं, आपोआप उघडणारं आहे. त्याला कुलूप नाही. डिक्सनचं सगळं दुखणं या बिनकुलपाच्या दारात आहे.

डिक्सनकडे आधी नीट पाहायला हवं. स्टॅन्ली टुचीने त्याचा खलनायक होऊ दिलेला नाही. पहिल्याच दृश्यांत तो कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर उभा असतो आणि एका चिनी पर्यटकांच्या टोळक्यावर बोट ठेवतो. मिकी माउसचे स्वेटशर्ट घालून फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला निघालेत म्हणे, मग एकाच्याही गळ्यात कॅमेरा कसा नाही? त्याचं बरोबर ठरतं आणि पळापळ उडते. म्हणजे हा माणूस कामात कच्चा नाही. खुणा वाचण्यात तो तरबेज आहे. अमेरिकेत 2001च्या सप्टेंबरनंतर गृहसुरक्षेचं नवं खातं झालं, 2003च्या मार्चमध्ये सीमाशुल्क आणि स्थलांतर तपासणी त्याच्या एका छत्राखाली आली. चित्रपट त्यानंतर वर्षभराने पडद्यावर आला. तो अकरा सप्टेंबरचं नावही घेत नाही. पण प्रत्येक प्रवाशाकडे वाचायचा मजकूर म्हणून बघणारी ती नजर डिक्सनच्या रूपाने त्यात पुरेपूर आहे. आणि व्हिक्टर हा असा मजकूर आहे की त्यात दडलेलं काहीच नाही. त्यामुळे डिक्सनला तो वाचता येत नाही.

मग डिक्सन डाव टाकतो. व्हिक्टर दारातून बाहेर पडला की तो गुन्हेगार होईल, म्हणजे पकडून दुसऱ्या खात्याच्या गळ्यात मारता येईल. डिक्सन त्याला आडून सुचवतो: दुपारी बारा वाजता पहारेकऱ्यांची पाळी बदलते, पाच मिनिटं दारावर कुणी नसेल. व्हिक्टर दारापाशी येतो. नियंत्रणकक्षात सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघतात. व्हिक्टर दारापुढे घुटमळतो, मग मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. एक पाऊल बाजूला सरतो, कॅमेरा वळतो. परत सरतो, कॅमेरा परत वळतो. आणि मग तो कॅमेऱ्याला सांगून टाकतो की मी थांबतो. बघणाऱ्यालाच कुणीतरी बघितलं, तेही रागाने नाही, जवळजवळ शेजारधर्माने. स्पिलबर्गने हा प्रसंग मूकपटाच्या चालीवर बांधला आहे. संवाद काढून टाकले तरी त्यातली एकही गोष्ट हरवणार नाही.

दुसरा डाव याहून चलाख. कायद्यात आश्रय मागायची एक वाट आहे: मायदेशी परत जायची सबळ भीती वाटते एवढं म्हणायचं. मग प्रकरण न्यायालयात जाईल, सुनावणीला महिने लागतील, तोवर व्हिक्टर न्यूयॉर्कमध्ये मोकळा. डिक्सन त्याला जवळजवळ उत्तर पढवून प्रश्न विचारतो. क्राकोझियाची भीती वाटते ना? व्हिक्टर म्हणतो, नाही, ते तर घर आहे. डिक्सन प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. कशाची तरी वाटत असेल ना? मग व्हिक्टर मनापासून यादी देतो: भुतांची, ड्रॅक्युलाची, लांडगेमाणसांची, शार्कची. हशा पिकतोच. पण त्या हशाखाली डिक्सनच्या चेहऱ्यावर आलेली हताशा बघा. सुटकेची किल्ली तो खरोखरच पुढे करतो आहे, त्यात थोडी दयाही आहे. किंमत एका खोट्या वाक्याची. आणि व्हिक्टर स्वतःसाठी ते वाक्य बोलत नाही.

‘स्वतःसाठी’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण पुढे एकदा तो खोटं बोलतो.

एक माणूस औषधांच्या बाटल्या घेऊन आलेला आहे. कॅनडातून घेतलेली औषधं, मरणाच्या दारात असलेल्या वडिलांसाठी. सोबत लागणारी कागदपत्रं नाहीत. नियमानुसार औषधं जप्त. तो माणूस ओरडतो, बाटल्या कवटाळतो, शस्त्र उगारतो. त्याची भाषा कुणाला येत नाही. योगायोगाने त्याच वेळी वरिष्ठांचं एक मंडळ डिक्सनचं काम तपासायला आलेलं आहे, त्याच्या बढतीचा निर्णय व्हायचा आहे. दुभाषी म्हणून व्हिक्टरला बोलावलं जातं. तो त्या माणसाला शांत करतो, हकिकत ऐकतो, डिक्सनला सांगतो: औषधं वडिलांसाठी आहेत. डिक्सन म्हणतो, मग नाही चालणार. बाटल्या काढून घेतल्या जातात. तो माणूस गुडघे टेकून रडतो. त्याला घेऊन जाऊ लागतात आणि मध्येच व्हिक्टर थांबवतो. माझी चूक झाली, म्हणतो. औषध बकरीसाठी आहे.

नऊ महिन्यांत नियमांची वही त्याने तोंडपाठ केली आहे. जनावराच्या औषधाला तो कागद लागत नाही, हे त्याला त्या खिडक्यांसमोर उभं राहून कळलेलं आहे. डिक्सनला कळतं की हा खोटं बोलतोय. व्हिक्टरला कळतं की डिक्सनला कळलंय. त्या बापड्यालाही हळूहळू उमगतं आणि तोही ‘बकरी’ म्हणू लागतो. नियमाच्या चौकटीत आता डिक्सनला काहीच करता येत नाही. इतके दिवस जो नियम व्हिक्टरला कोंडत होता, त्याच नियमाच्या अक्षराने तो दुसऱ्याला सोडवतो. हँक्स हे ‘बकरी’ किती साध्या सुरात म्हणतो! डोळ्यांत चमक नाही, जिंकल्याचा आव नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं ते अडखळतं, थोडं लाजरं खोटं आहे. स्वतःच्या सुटकेसाठी जे तोंडातून निघालं नाही, ते दुसऱ्याच्या बापासाठी निघालं. पटकथेत या दोन प्रसंगांची जोड लेखकांनी कुठेही उघड सांगितलेली नाही. प्रेक्षकाने आपली आपण जुळवायची. एवढ्या गोड चित्रपटात हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

मग डिक्सनचा तोल जातो. वरिष्ठ बघताहेत हे विसरून तो व्हिक्टरला झेरॉक्सच्या यंत्रावर दाबून धरतो. यंत्र चालू होतं, व्हिक्टरच्या पंजाच्या प्रती एकामागून एक बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या दुकानादुकानांत तो पंजा चिकटवलेला दिसतो. बोटांचे ठसे घेणाऱ्या खात्याच्याच यंत्रातून निघालेला हा हात. ओळख पटवायचं, संशयिताला पकडायचं साधन होतं, ते कामगारांचं निशाण झालं. ही प्रतिमा स्पिलबर्गने अधोरेखित न करता सोडली असती तर आणखी बरं झालं असतं. त्याच्या संगीतकाराला, जॉन विल्यम्सना, अशा जागी गप्प बसवत नाही.

चित्रपट जिथे पडतो तिथे तो चांगलाच पडतो. हवाईसुंदरी अमेलिया आणि व्हिक्टर यांचं प्रेमप्रकरण मला कधीच पटलं नाही. कॅथरिन झीटा-जोन्स मेहनत करते, पण तिच्या पात्राला नेपोलियनवरची पुस्तकं आणि विवाहित प्रियकर यांपलीकडे फारसं काही दिलेलं नाही. व्हिक्टर न्यूयॉर्कला का आला, याचं उत्तर शेंगदाण्यांच्या एका डब्यात आहे. 1958 साली आर्ट केनने हार्लेममधल्या एका घराच्या पायऱ्यांवर 57 जॅझ वादक-गायक जमवून छायाचित्र काढलं. ते पाहून व्हिक्टरचे वडील झपाटले, क्लबांना पत्रं पाठवत राहिले आणि सगळ्यांच्या सह्या मिळवल्या, एक सोडून. सॅक्सोफोनवादक बेनी गॉल्सनची राहिली. छायाचित्र खरं आहे, गॉल्सन खरा आहे आणि चित्रपटात तो स्वतःच आला आहे. कल्पना सुंदर आहे, थोडी जास्तच सुंदर आहे. पण अखेर व्हिक्टर हॉटेलात पोचतो तेव्हा गॉल्सनचा कार्यक्रम सुरू व्हायचा असतो, म्हणून त्याला सहीसाठीही थांबायला सांगितलं जातं, आणि तो थांबतो. इथे लेखकांना दाद द्यावीच लागते.

या गोडव्यामागे एक कडू हकिकत आहे. मेहरान करीमी नासेरी हा इराणी माणूस 1988पासून 2006पर्यंत पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर राहिला. निर्वासित असल्याचे कागद हरवल्यामुळे तो अडकला. 1999 साली फ्रान्सने त्याला राहायचे कागद देऊ केले, तर ते घेऊन बाहेर पडायची त्याची तयारी राहिलेली नव्हती. आपलं नाव सर अल्फ्रेड आहे, आपण इराणी नाही, असं तो म्हणू लागला होता. 2022च्या नोव्हेंबरात त्याच विमानतळावर त्याचा मृत्यू झाला. स्पिलबर्गच्या कंपनीने त्याच्या कहाणीचे हक्क पैसे देऊन घेतले. चित्रपटात मात्र त्याचा उल्लेख नाही. नासेरीला समोर ठेवून ‘द टर्मिनल’ पाहिला की त्याची सफाई खुपते. नऊ महिने थांबून माणूस भिंती रंगवतो, कारंजं बांधतो, मित्र जोडतो. अठरा वर्षं थांबलेल्या माणसाचं काय होतं, हे बघायची चित्रपटाची हिंमत नाही.

एका पात्रापुरती ती हिंमत त्याने दाखवली आहे, आणि ते पात्र आपल्याकडचं आहे. सफाई कामगार गुप्ता. ओली फरशी पुसायची, धोक्याची पाटी लावायची आणि तरीही त्यावरून घसरून आपटणाऱ्यांना बघत खुर्चीत बसायचं, हा त्याचा विरंगुळा. व्हिक्टरची जेवणाची कुपनं कचऱ्यात जातात तेव्हा तो कचरापेटीशी हात लावू देत नाही. आधी वेळ ठरवून घे म्हणतो. संशयी, खडूस, मिश्कील. ही भूमिका करणारे कुमार पल्लाना 1918 साली होळकरांच्या इंदुरात जन्मले. हातचलाखी, कसरती आणि ताटल्या फिरवण्याचे खेळ करत ते अमेरिकेत पोचले, 1950च्या दशकात तिथल्या टीव्हीवरच्या मिकी माउस क्लबमध्ये झळकले, पुढे डलासमध्ये योग शिकवत राहिले आणि म्हातारपणी वेस अँडरसनच्या चित्रपटांमुळे लोकांना माहीत झाले. ‘द टर्मिनल’च्या वेळी ते पंच्याऐंशीच्या घरात होते. व्हिक्टर-अमेलियाच्या जेवणाच्या प्रसंगात गुप्ता काठ्यांवर ताटल्या फिरवतो, ती पल्लानांची स्वतःची जन्माची कमाई आहे. प्रेमिकांकडे माझं लक्षच राहत नाही.

गुप्ताने 1979 साली मद्रासमध्ये दुकानदारांकडून हप्ते खाणाऱ्या एका पोलिसाला भोसकलं आणि बायको-मूल मागे टाकून तो पळाला. म्हणजे सगळ्या चित्रपटात खरा फरारी हाच. डिक्सनच्या इतक्या कॅमेऱ्यांसमोर तो वर्षानुवर्षं फरशी पुसत राहिला, कारण फरशी पुसणाऱ्याकडे कॅमेरा फिरवावा असं कुणाला वाटत नाही. शेवटी क्राकोझियात शांतता होते, व्हिक्टर जायला मोकळा होतो, पण डिक्सन त्याला न्यूयॉर्कला न जाता घरी परतायला लावतो. नाही गेलास तर मित्रांना भोगावं लागेल, गुप्ताला मायदेशी पाठवीन. व्हिक्टर कुणाला न सांगता मान्य करतो. आधी भित्रा म्हणून त्याला हिणवणाऱ्या गुप्ताला कारण कळतं, तेव्हा तो बादली-पोचा घेऊन धावपट्टीकडे चालू लागतो आणि त्या अवाढव्य विमानासमोर उभा राहतो. पल्लाना इथे धावत नाहीत, हात हलवत नाहीत. रोजच्या कामाला निघाल्यासारखे चालतात. वैमानिकाला विमान थांबवावं लागतं. बकरीच्या प्रसंगात व्हिक्टरने दुसऱ्यासाठी एक वाक्य खर्ची घातलं होतं. गुप्ता इथे उरलेलं सगळं आयुष्य खर्ची घालतो, आणि त्याला नियमात बसणारी कुठलीच फट उपलब्ध नाही.

पोलिसांच्या गाड्या त्याच्याभोवती गोळा होतात. त्यानंतर पटकथेला बाकी सगळ्यांची आठवण राहते. डिक्सनच्या हाताखालचा अधिकारी थर्मन आपला कोट व्हिक्टरला देतो, पहारेकरी पाठ फिरवतात, डिक्सनसुद्धा त्याला जाऊ देतो, टॅक्सी मिळते, सही मिळते. गुप्ताला मद्रासला पाठवलं का, त्याच्यावर खटला चालला का, इतक्या वर्षांनी त्याची बायको कुठे सापडली असती, यावर चित्रपट एक दृश्यही खर्च करत नाही. विल्यम्सचं संगीत चढत असताना प्रेक्षकाच्या हे लक्षात येऊ नये अशी व्यवस्था आहे. माझ्या ते दरवेळी लक्षात येतं आणि दरवेळी राग येतो. चित्रपटाचं सर्वांत कठीण पान लिहायला घेऊन लेखकांनी ते अर्ध्यावर मिटलं आहे.